मनाची गोळी, हृदयाचा ठोका

घरातला मनोरुग्ण चक्कर येऊन पडला, की आपण म्हणतो, “आजार उलटला” किंवा “फिट आली.” पण वाचकहो, कधी कधी दोष हृदयाच्या ठोक्यात असतो.

भास आणि संशय थांबवणाऱ्या गोळ्यांनी कितीतरी संसार सावरले आहेत. मात्र हॅलोपेरिडॉलसारख्या काही औषधांमुळे हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला जास्त वेळ लागतो. तो फार लांबला तर ठोके बिघडतात, माणूस कोसळतो, क्वचित दगावतोही. थायोरिडाझिन हे औषध मूळ कंपनीने याच धोक्यामुळे २००५ साली जगभर बंद केले.

म्हातारपण, हृदयविकार, घराण्यात झालेला अचानक मृत्यू, किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातले क्षार कमी होणे, यांनी धोका वाढतो. हिवतापाची क्लोरोक्विन, जंतुसंसर्गाची अझिथ्रोमायसिन अशी औषधे सोबत घेतली तरी वाढतो. म्हणून धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून ताप दाखवायला याल, तेव्हा मनाच्या गोळ्यांची चिठ्ठीही सोबत आणा.

गोळी सुरू करण्यापूर्वी आणि डोस वाढवल्यावर ‘ईसीजी काढायचा का?’ असे डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात सुई नाही, दुखत नाही, काही मिनिटांत होतो. छातीत धडधड झाली किंवा शुद्ध हरपली तर रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्या.

पण भीतीपोटी गोळी स्वतःहून बंद करू नका. आजार पुन्हा उसळतो. शंका असल्यास २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी ‘टेलिमानस’च्या १४४१६ क्रमांकावर फुकट विचारता येते. गोळीही चालू राहू द्या आणि ठोक्यावर लक्षही असू द्या.