काळ्या दगडातला शिंपला

बिदरच्या किल्ल्यात गुंबद दरवाजा ओलांडला की लगेच रंगीन महाल लागतो, आणि बहुतेक लोक तो न बघताच पुढे जातात. त्यांचाही दोष नाही. बाहेरून इमारत जाडजूड, मुकी, धान्याच्या कोठारासारखी. त्यात दाराला कुलूप. रखवालदाराला विनवावं तेव्हा ते निघतं. भालकी-उदगीरकडची आम्ही मंडळी सोळा खांबांची मशीद आणि खंदक बघून 'किल्ला झाला' म्हणत परतायचो. महालाच्या आत मी गेलो तो पन्नाशीत.

अहमदशहा वलीनं बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून इथं आणली. 1430 च्या आसपास जांभा खोदून केलेल्या तिहेरी खंदकासह हा किल्ला उभा राहिला. रशियन व्यापारी अफनासी निकितीन 1470 च्या सुमारास बिदरला आला आणि राजवाड्यातलं सोनेरी कोरीवकाम पाहून चकित झाला. रंगीन महालाची गोष्ट मात्र त्याच्या नंतरची आणि भीतीतून सुरू होणारी. 1481 मध्ये वजीर महमूद गावानचा शिरच्छेद झाला, दरबारातले गट एकमेकांच्या जिवावर उठले. 1487 मध्ये खुद्द सुलतान महमूदशहावर राजवाड्यातच हल्ला झाला. शाह बुरुजात लपून तो वाचला. त्यानंतर त्यानं दरवाजा आणि बुरुजाच्या आडोशाला बिऱ्हाड हलवलं, असं मानतात. भिंतींची जाडी पाहिली की ते पटतं.

आज दिसणारा साज बरीदशाही सुलतान अली बरीदचा, म्हणजे 1542 ते 1580 मधला. बहमनी राज्याचे तुकडे पडले होते, आणि बरीदशाहीच्या वाट्याला बिदर व भोवतालचा थोडा मुलूख आला होता. त्याच शतकात फ्रान्समध्ये लोआर नदीच्या खोऱ्यात राजे-सरदार वाडे बांधत होते. 1519 मध्ये सुरू झालेल्या एकट्या शांबोरमध्ये चारशेवर खोल्या आहेत. अली बरीदच्या घरात मोजक्याच. ऐपत आखडली तशी त्याची हौस बारीक कामात उतरली, असं मला वाटतं.

पुढच्या दालनातले लाकडी खांब पाहताना आपण एखाद्या देवळाच्या सभामंडपात उभे आहोत असा भास होतो. खांबांची शीर्षं, त्यांवरचे हात, पाकळ्यांवर पाकळ्या. आतल्या खोल्यांत इराणी वळणाच्या रंगीत फरशा. त्यांवरूनच महालाला नाव पडलं. इराणी आणि दख्खनी अशा दोन घराण्यांचे कारागीर एका छपराखाली राबले, आणि कोणी कोणाची नक्कल केली नाही.

खरा ऐवज आतल्या दारावर आहे. काळ्या कातळाच्या चौकटीत मोतीशिंपल्याचे तुकडे बसवून वेली आणि फारसी ओळी काढल्या आहेत. कातळ कठीण, शिंपला ठिसूळ. प्रत्येक पानासाठी आधी दगडात खाच कोरायची, मग शिंपला त्याच मापाचा घासून बसवायचा; हात चुकला तर शिंपला तुटणार. रखवालदारानं टॉर्च तिरपा धरला आणि पांढरी वाटणारी वेल गुलाबी झाली, मग हिरवट. समोरून बघाल तर ही गंमत कळत नाही.

याच अली बरीदनं स्वतःची कबर (1577) बांधली ती चारी बाजूंनी उघडी. घराला एवढ्या जाड भिंती, आणि मेल्यावर वारा खुशाल आरपार जातो.

गावात उतरलात तर बिदरी कामाच्या कारखान्यांत तोच काळ्यावर पांढऱ्याचा खेळ चालू दिसेल. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतलेली सुरई, मोरचुदानं तात्पुरती काळी केलेली, तिच्यावर छिन्नीनं कोरलेली वेल आणि कोरात ठोकलेली चांदीची तार. शेवटी किल्ल्यातली माती नवसागरासोबत पाण्यात उकळून तिच्यात भांडं घोळवतात. जस्त कायमचं काळं होतं, चांदी तशीच राहते. कुठलीही माती चालत नाही. पावसापासून, उन्हापासून वर्षानुवर्षं आडोशाला राहिलेलीच लागते. ती कशी ओळखता, म्हणून मी एका म्हाताऱ्या कारागिराला विचारलं. त्यानं डब्यातली चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली आणि डबा माझ्यापुढे केला.