अडीचशे शब्दांत वर्षभराची मेहनत

आषाढ पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात आमच्या वस्तीतली एक मुलगी भेटली. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. वडील गवंडीकाम करतात, आई चार घरची धुणीभांडी. जयभीम घालून म्हणाली, "काका, परिषदेकडून माझा ॲबस्ट्रॅक्ट परत आला." कारण एका ओळीचे होते : शब्दमर्यादा ओलांडली, निष्कर्ष दिलेले नाहीत. वर्षभर वस्तीतल्या टाक्यांचे पाणी तपासले, ते काम कोणी पाहिलेच नाही.

ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे संशोधनाचा सारांश. शास्त्रीय परिषदेत आपले काम मांडायचे तर तो आधी पाठवावा लागतो. तेवढाच वाचून समिती ठरवते की निबंध वाचू द्यायचा, भित्तिपत्रक लावू द्यायचे की नकार कळवायचा. मी बी.कॉम. झालेला कारकून, मला जंतूंतले काही कळत नाही. पण टिपणी कळते. साहेब जाडजूड फाइल चाळत नाहीत, वरची टिपणी वाचून सही करतात. हेही तसेच.

आम्ही विहाराच्या ओट्यावर कागद घेऊन बसलो. मर्यादा २५० शब्दांची, तिने लिहिले होते ४१२. त्यात निम्मे पाण्याचे महत्त्व! समितीला ते शिकवायला नको. आणि शेवटची ओळ, "निष्कर्षांची चर्चा परिषदेत केली जाईल." बंधू-भगिनींनो, ही ओळ आपल्या मुलांना कधी लिहू देऊ नका. जे सापडले ते सांगायलाच तर हा कागद असतो.

प्रथम मराठीत लिहून काढले. प्रश्न एका-दोन वाक्यांत : या टाक्यांचे पाणी पिण्यालायक आहे का? मग किती टाक्या, कोणते महिने, तपासणीची पद्धत कोणती. त्यानंतर काय आढळले, आणि सर्वांत जास्त जागा यालाच. "बऱ्याच नमुन्यांत जंतू आढळले" हे चालत नाही. समजा ४० पैकी २६ नमुन्यांत आढळले, तर तसेच लिहावे. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जंतू आढळताच कामा नये. हे एक वाक्य आकड्याशेजारी ठेवले की वाचणाऱ्याला अर्थ कळतो.

शेवटी नगरपालिकेला दोन शब्द सुनवावेत असे मला वाटत होते. पोरगी म्हणाली, "काका, एवढ्या टाक्यांवरून सगळ्या शहराचं बोलता येत नाही." मी गप्प बसलो. मोर्च्याचे निवेदन वेगळे आणि हे वेगळे.

मग इंग्रजी. केलेले काम भूतकाळात. जंतूचे शास्त्रीय नाव पहिल्यांदा पूर्ण आणि तिरप्या अक्षरात, त्यातल्या पहिल्या शब्दाचे आद्याक्षर मोठे, दुसऱ्याचे लहान. तक्ते, संदर्भ सहसा नकोत. अक्षराचा आकार, नावांचा क्रम, निबंध वाचणाऱ्याच्या नावाखाली रेघ, हे परिषदेच्या सूचनापत्रात असेल तसेच. ज्यांची नावे घालायची त्या सर्वांची संमती आधी घ्यावी, गाइडची तर घ्यावीच.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. एवढ्या गुंतागुंतीच्या विषयाचे सार त्या निबंधाच्या शेवटी त्यांनी स्वतःच चार मुद्द्यांत मांडले आहे. तिला तेवढे पान वाचायला दिले.

एक सावधगिरी. काही परिषदा केवळ फीसाठी भरतात, काहीही पाठवा, दोन दिवसांत मंजूर. गाइडला आणि वरच्या वर्गातल्या मुलांना विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. चांगल्या परिषदांत विद्यार्थ्यांना बहुधा फीची सवलत असते, ती मागावी.

नवा सारांश २४६ शब्दांचा झाला. गाइड मॅडमनी दोन शब्द बदलले. दुसऱ्या एका परिषदेकडे तो मुदतीच्या दोन दिवस आधीच गेला, कारण शेवटच्या रात्री संगणकावर गर्दी होते. उत्तर अजून यायचे आहे. पाठवण्याआधी तिने घरी आईला मराठीतला कागद वाचून दाखवला. आईने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "यात आपली टाकी कोणती गं?"