ऐन विसर्जन मिरवणुकीत ट्रॅक्टर सारखा बंद का पडतो? कारण गुलालातही असू शकतं!

अनंत चतुर्दशीची दुपार. लालबागच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. ढोल-ताशा टिपेला पोहोचलेला, वरून गुलालाची उधळण सुरू आणि तेवढ्यात मूर्तीची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर दोन आचके देऊन बंद पडतो. ड्रायव्हर स्टार्टर मारतो, इंजिन सुरू होतं आणि शंभर पावलांवर पुन्हा गप्प.

शेतात ट्रॅक्टर बंद पडला तर खोळंबा होतो. मुंबईत मात्र प्रश्न सुरक्षेचा होतो. चिंचपोकळी, करी रोड, भायखळा इथले रेल्वेवरचे पूल जुने झालेत. त्यांच्यावर मिरवणूक थांबवू नका, नाचू नका, गर्दी करू नका, अशा सूचना महापालिका गणेशोत्सवात देत असते. नेमका तिथेच ट्रॅक्टर बंद पडला तर?

आधी साधं गणित

तसा ट्रॅक्टर मुंबईला नवा नाही. महिंद्राने १९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, तो कारखाना कांदिवलीतच उभा राहिला. त्यांचा बी-२७५ आजही जुन्या फिटर मंडळींच्या तोंडी असतो.

अशा जुन्या डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. एकदा सुरू झालं की ते चालू राहायला बॅटरीही लागत नाही. त्याला हवं असतं स्वच्छ डिझेल, भरपूर हवा आणि आटोक्यातली उष्णता. म्हणून चालू इंजिन बंद पडलं की या तिघांपैकी काय कमी पडलं, हे आधी शोधायचं. त्याचा सुगावा इंजिन 'कसं' बंद पडलं यातून लागतो.

१. आचके देत, हळूहळू बंद पडलं

इथे पहिला संशय डिझेलवर. ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा असेल तर टाकीच्या तळाशी गाळ बसतो. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत ओलावा जमून पाणीही साचतं. ट्रॅक्टर हलला की हा गाळ उठतो आणि फिल्टरमध्ये अडकतो.

पाच-दहा मिनिटं थांबल्यावर इंजिन आपोआप सुरू होत असेल तर टाकीचं झाकण तपासा. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल पुढे सरकत नाही. झाकण सैल करताच 'फस्स' आवाज आला, तर चोर सापडला! मात्र हे फटाक्यांच्या आसपास करू नका.

२. फिल्टर बदलला आणि त्रास वाढला

याला गॅरेजच्या भाषेत 'एअर धरली' म्हणतात. डिझेलच्या नळीत हवेचे बुडबुडे शिरले की पंपाचा दाब नोझलपर्यंत पोहोचत नाही. उपाय सोपा आहे. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू थोडा सैल करायचा, हातपंप मारत राहायचं. फेस थांबून सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. मग हेच पुढच्या पंपावर करायचं. एअर पुन्हा पुन्हा धरत असेल तर एखादा वॉशर किंवा नळीचा जोड गळतोय.

३. काळा धूर आला, जोर गेला

इंजिनाला हवा कमी पडतेय. गुलालाची पूड बारीक असते, ती एअर फिल्टरमध्ये जाऊन बसते. जुन्या ट्रॅक्टरच्या फिल्टरमध्ये तळाशी तेल असतं, त्याचा चिखल होतो. फिल्टर साफ करून तेल बदललं की फरक पडतो.

४. तापलं आणि बंद पडलं

मोठ्या मिरवणुका तासन्‌तास चालतात. लालबागच्या राजाला गिरगाव चौपाटीवर पोहोचायला तर २० तासांच्या आसपास लागतात. एवढा वेळ इंजिन कमी फेऱ्यांवर चालतं, म्हणजे त्यावर फिरणारा पंखाही हळू चालतो. त्यात रेडिएटरच्या जाळीवर फुलांच्या पाकळ्या आणि कागदाचे तुकडे चिकटतात. पंख्याचा पट्टा ढिला असेल तर मग विचारूच नका.

काटा वर चढू लागला की थांबा, गिअर काढा आणि इंजिन रिकामं चालू द्या. गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. तापून बंद पडलेलं इंजिन फिरायलाच जड झालं असेल, तर स्टार्टर मारत बसू नका.

५. दोष इंजिनाचा नसतोच

कधी कधी ड्रायव्हर वरच्या गिअरमध्ये मुंगीच्या वेगाने ट्रॅक्टर रेटतो. इंजिन दमून बंद पडतं, नाहीतर अर्ध्या क्लचमुळे प्लेट जळते. सगळ्यात खालचा गिअर आणि हाताचा थ्रॉटल थोडा वर, हेच मिरवणुकीत योग्य.

चढावर बंद पडला तर?

आधी ब्रेक, मग बाकी सगळं. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. रस्त्यावर दोन्ही पेडल खिटीने जोडलेलेच हवेत, नाहीतर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणून दोन कार्यकर्ते लाकडी ठोकळे घेऊन चाकांजवळ हवेतच. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे मात्र कुणीही उभं राहायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रॅक्टरची चाचणी आठवडाभर आधी घ्या, तीही ट्रॉली जोडून आणि सलग दोन तास. कारण गाळ, एअर आणि उष्णता हे तिन्ही दोष पाच मिनिटांत दिसत नाहीत. ते दिसतात अर्ध्या तासानंतर, म्हणजे बरोबर पूल समोर आल्यावर.