पोटातली गोष्ट आणि वडिलांचा मोबाइल

निमगाव केतकीत समुपदेशक म्हटलं की लोक अजून 'दहावीनंतर काय?' एवढंच विचारायला येतात. मूळची मी मराठीची शिक्षिका. समुपदेशनाचं प्रशिक्षण नंतरचं. करिअरपुरता मोबाइल मला कधी जड गेला नाही. 2016 मध्ये दहावीला कल चाचणी आली, तेव्हा निकाल घेऊन पालक यायचे, 'कल कलेकडं म्हणतंय, मग गणिताचा क्लास बंद करू का?' पुढं मे 2020 मध्ये, शाळा बंद असताना, राज्यानं युनिसेफच्या मदतीनं महाकरिअर पोर्टल आणलं. नववी ते बारावीच्या मुलांनी आपला सरल विद्यार्थी क्रमांक टाकला की अभ्यासक्रम, कॉलेजं, शिष्यवृत्त्या समोर. पानमळ्यातल्या पोराला उद्यानविद्या, अन्नप्रक्रिया असंही काही शिकता येतं हे दाखवायला ते फार उपयोगी पडतं.

अडचण निराळीच आहे, पोटातलं बोलण्याची. इथं बऱ्याच मुलींचा नंबर म्हणजे वडिलांचा, नाहीतर भावाचा नंबर. 'मॅडम, बोलायचंय' एवढा मेसेजसुद्धा घरात चार जण वाचतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं वाटेत कुणाला वाचता येत नाही, असं प्रशिक्षणात सांगतात. खरंय, पण आमचा वाचणारा वाटेत नसतो, ओसरीवर बसलेला असतो.

म्हणून मुलींना सांगून ठेवलंय, फोनवर फक्त 'वही तपासायचीय' एवढंच लिहायचं. बाकीचं ग्रंथालयात, समोरासमोर. नोंदीही मी कागदावरच ठेवते, नाव न घालता, कुलपात. सहकारी हसतात, गूगल फॉर्म का नाही? करिअर मेळाव्याच्या यादीला मी तो बिनधास्त वापरते. 'घरी मारतात का?' हा प्रश्न त्यात घालायला हात धजत नाही. शिवाय लैंगिक अत्याचार कळला तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावंच लागतं. ते मुलीला आधी सांगायचं असतं, तिच्याकडं बघत. टाइप करून नव्हे.

एक नंबर मात्र फळ्याच्या कोपऱ्यात कायम असतो: 14416, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. रात्री मी उपलब्ध नसते, ते असतात. पण तिथंही पुन्हा फोन वडिलांचाच.

शाळेकडं मी नवं अ‍ॅप मागितलेलं नाही. शाळेच्या नावावरचा एक साधा फोन मागितलाय, बटणांचा असला तरी चालेल, आणि दार लागेल अशी एक खोली. फोन मिळेल म्हणतात. खोलीचं बघू म्हणालेत.