कुंपण जळालं, सरकारी पैसे कधी? अमेरिकेतली ‘ईसीपी’ सोप्या भाषेत

आजच्या भागात जाऊया अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या क्लार्क काउंटीत. वस्ती जेमतेम 2 हजार, बाकी सगळी कुरणं आणि गुरं. 6 मार्च 2017 ला शेजारच्या ओक्लाहोमात वणवा पेटला आणि जोरदार वाऱ्याने तो इकडे शिरला. काउंटीचा बहुतेक भाग जळाला, हजारो गुरं गेली. आणि मैलोन् मैल काटेरी तारेची कुंपणं निकामी झाली.

आता तुम्ही म्हणाल, गुरं गेली तिथे कुंपणाचं काय घेऊन बसलात? पण कुंपणच नसेल तर वाचलेली गुरं ठेवायची कुठे? पाऊस पडून गवत परत येईल, कुंपण आपोआप उगवत नाही.

इथे येते ‘इमर्जन्सी कन्झर्वेशन प्रोग्रॅम’, म्हणजे ईसीपी. 1978 च्या कायद्यातून आलेली ही योजना. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ही नुकसानभरपाई नाही. मेलेल्या जनावरांसाठी वेगळी योजना, पिकासाठी विमा वेगळा. ईसीपी पैसे देते ते जमीन पुन्हा वापरात आणायला. पुराने आलेला गाळ-कचरा काढणं, खरवडून गेलेलं शेत सपाट करणं, कुंपण उभारणं, दुष्काळात गुरांसाठी पाण्याची सोय करणं, अशी कामं.

पैसे मिळतात कसे? काउंटीतल्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’च्या ऑफिसात अर्ज करायचा. ते जागेवर येऊन पाहणी करतात, आपल्याकडच्या पंचनाम्यासारखंच समजा. मंजुरी देते काउंटी कमिटी, आणि तिचे सदस्य स्थानिक शेतकरीच निवडून देतात. नियम असा, की आधी अर्ज, मग काम. घाईघाईत आधीच काम उरकलं तर मदत हातची जाऊ शकते.

सरकार खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत देतं. नवीन किंवा कमी साधनं असलेल्या शेतकऱ्यांना 90 टक्क्यांपर्यंत. एका आपत्तीत एका व्यक्तीला कमाल 5 लाख डॉलर.

ऐकायला मस्त वाटतं ना? आता हिशोब करू. समजा एक मैल कुंपणाला 10 हजार डॉलर लागतात आणि तुमचं 10 मैल जळालं. खर्च 1 लाख. सरकारचे 75 हजार, तुमचे 25 हजार. पण सरकारचा वाटा येतो काम झाल्यावर! म्हणजे सुरुवातीला जवळजवळ सगळी रक्कम तुम्हीच उभी करायची. ज्याची बँकेत पत आहे तो करेल. ज्याची नाही, त्याने काय करायचं?

2018 च्या फार्म बिलात यावर थोडा उपाय आला: कुंपणासाठी 25 टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ मिळू शकते. तरी दुसरा प्रश्न राहतोच. या योजनेला दरवर्षी ठरलेला निधी नसतो. संसदेने पैसे मंजूर केले तर मिळणार, नाहीतर थांबा.

म्हणून माझं मत सांगतो. कुठल्याही मदतीची बातमी वाचताना फक्त आकडा बघू नका. तीन प्रश्न विचारा: पैसे कशासाठी, कामाआधी की नंतर, आणि तोवर खर्च कोण करणार? खरी मदत किती, ते तिसऱ्या उत्तरात कळतं.

तुमच्या गावात अतिवृष्टीने जमीन खरवडून गेली असेल, तर ती परत तयार करायला पहिला पैसा कोणी घातला? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया!