आयती प्रॉपर्टी



एका विद्यार्थ्याच्या एका गुणाची हकीकत सांगून आजच्या विषयाला सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागातल्या अंतर्गत चाचण्यांचा निकाल लावण्यासाठी मी स्वतः एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता. चाचण्या पाच, प्रत्येकीला २० गुण, आणि उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ४०. निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगा दारात उभा. म्हणाला, "सर, एका चाचणीला मी आजारी होतो. बाकीच्या चारांचे मिळून माझे ४० होतात. मग बेरीज ३९ कशी?"

मुलाचं गणित बरोबर होतं. गणिताच्या मास्तराचं चुकलं होतं. गैरहजर विद्यार्थ्यापुढे उणे एक लिहायचा, ही आमची खूण. हाताने गुण भरण्याच्या पडद्यावर शून्य ते वीस याबाहेरचा आकडा मी अडवला होता. पण त्या खेपेला सगळे गुण एका फाइलमधून एकदम वाचून घेतले, आणि तिथे अडवायला कोणीच नव्हतं. उणे एक निमूटपणे आत गेला, बेरजेत मिसळला आणि एक मुलगा नापास झाला. निकाल त्याच दिवशी दुरुस्त केला. पण एक प्रश्न मनात राहिला. दारं दोन आणि पहारेकरी एकाच दारावर, असं झालं कसं?

याचं उत्तर समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९६० नंतरच्या दशकात नॉर्वेमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड या दोघांनी सिम्युला नावाची भाषा तयार केली. माहिती आणि त्या माहितीवर करायची कामं ही एकत्र बांधून त्यांची एक 'वस्तू' करावी, ही कल्पना तिथून रुजली. माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक विद्यार्थी ही अशी एक वस्तू होती. तिच्या पोटात नाव, हजेरी क्रमांक, गुण असे कप्पे. या कप्प्यांना फील्ड म्हणतात. माझी चूक ही, की गुणांचा कप्पा मी सर्वांना खुला ठेवला. वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक कधी गल्ल्यात हात घालत नाही. पैसे वाण्याच्या हाती देतं आणि सुटे त्याच्याच हातून घेतं. माझ्या दुकानात मात्र ज्याला हवा त्याने गल्ल्यात हात घालावा, अशी व्यवस्था होती!

मी लिहिलं होतं ते सी शार्प या भाषेत. अँडर्स हेल्सबर्ग यांच्या पुढाकाराने तयार झालेली ही भाषा २००२ मध्ये बाहेर आली, आणि तिच्यात पहिल्यापासून यावर उपाय होता. त्याचं नाव प्रॉपर्टी. प्रॉपर्टी म्हटलं की आपल्याकडे भाऊबंदकी आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. इथे अर्थ साधा आहे, वस्तूचा गुणधर्म. कप्पा खासगी ठेवायचा आणि बाहेरच्यांसाठी दोन वाटा करायच्या. 'गेट' म्हणजे किंमत बाहेर देण्याची वाट, आणि 'सेट' म्हणजे नवी किंमत आत घेण्याची. सेटच्या वाटेवर उभं राहून आकडा तपासता येतो. मग तो पडद्यावरून येवो की फाइलमधून, वाट एकच.

आता तुम्ही विचाराल, इतकी चांगली सोय होती तर मी ती वापरली का नाही? खरं सांगायचं तर आळस. एकेका प्रॉपर्टीला पाच-सहा ओळी लागत. कप्पा लिहा, गेटमध्ये तो परत द्या, सेटमध्ये तो भरा. विद्यार्थ्याच्या वीस बाबी असल्या की शंभराच्या वर ओळी झाल्या, आणि त्यांतल्या बहुतेकींत तपासणी काहीच नाही. अशा लेखनात माणूस वरची ओळ उतरवून खाली चिकटवतो, आणि वडिलांच्या नावाच्या सेटमध्ये मुलाच्याच नावाचा कप्पा भरला जातो.

हा कंटाळा ओळखून २००७ मध्ये सी शार्पच्या तिसऱ्या आवृत्तीत स्वयंचलित प्रॉपर्टी आली. प्रॉपर्टीचा प्रकार आणि नाव लिहायचं, पुढे महिरपी कंसात गेट आणि सेट हे दोन शब्द, प्रत्येकापुढे अर्धविराम. संपलं! आतला कप्पा कंपायलर, म्हणजे आपलं लेखन यंत्राच्या भाषेत नेणारा दुभाष्या, स्वतः तयार करतो. त्या कप्प्याला तो असं नाव देतो, की ते सी शार्पमध्ये आपल्याला लिहिताच येत नाही. त्यामुळे घरच्या माणसालासुद्धा मागच्या दाराने आत शिरता येत नाही.

वर्गात हे शिकवलं की एखादी चुणचुणीत मुलगी हमखास विचारते, "सर, गेट काही तपासत नाही, सेट काही तपासत नाही, मग हा उघडा कप्पाच नव्हे का?" शंका अगदी रास्त आहे. आज दोघांत फरक दिसत नाही. तो दिसतो उद्या. आज उघडा कप्पा ठेवला आणि उद्या त्याची प्रॉपर्टी केली, तर त्या कप्प्यावर विसंबून वेगळे तयार केलेले दुसरे प्रोग्रॅम चालेनासे होतात. ते पुन्हा कंपाइल करावे लागतात, आणि काही ठिकाणी लेखनही बदलावं लागतं. पण आज रिकामी प्रॉपर्टी ठेवली आणि उद्या तिच्यात तपासणी घातली, तर बाहेरच्यांचा पत्ता तोच राहतो. आज भिंत बांधताना चौकट बसवून ठेवली, की दार पुढे कधीही लावता येतं. चौकटीसाठी भिंत फोडावी लागत नाही.

पण मंडळी, इथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. माझ्या त्या प्रोग्रॅममध्ये नुसती स्वयंचलित प्रॉपर्टी असती, तरी उणे एक आत गेलाच असता! आयती मिळणारी वस्तू माणूस विचार न करता घेतो. प्रत्येक बाबीपुढे गेट आणि सेट दोन्ही ठोकून द्यायचे आणि आपण माहिती सुरक्षित केली असं समजायचं, ही फसगत आहे. हजेरी क्रमांक एकदा दिल्यावर बदलायचा आहे का? मग त्याला सेट कशाला? २०१५ पासून नुसता गेट असलेली स्वयंचलित प्रॉपर्टी लिहिता येते. तिची किंमत वस्तू घडवतानाच ठरते. २०२० मध्ये सेटऐवजी 'इनिट' हा शब्द आला. वस्तू तयार करताना किंमत द्या, पुढे हात लावू नका. आणि सेट खासगी ठेवण्याची मुभा तर २००७ पासूनच आहे. वाचावं सर्वांनी, बदलावं फक्त वस्तूने स्वतः.

तपासणी घालायची झाली, की पूर्वी आयता कप्पा सोडून स्वतःचा कप्पा लिहावा लागे. २०२५ च्या चौदाव्या आवृत्तीत तीही अडचण दूर झाली. 'फील्ड' एवढा एक शब्द वापरून कंपायलरने केलेल्या कप्प्याशीच बोलता येतं. शून्य ते वीसची अट सेटमध्ये लिहा. गेट आयता राहू द्या.

मी माझा प्रोग्रॅम नंतर बदलला. गुणांची प्रॉपर्टी केली, अट तिच्या सेटमध्ये ठेवली आणि गैरहजेरीची नोंद वेगळी केली. पुढच्या सत्रात फाइलमध्ये एक उणे एक राहून गेला होता. प्रोग्रॅम त्या ओळीवर थांबला आणि कोणाचाही निकाल न बिघडता चूक माझ्या टेबलावर आली.

तेव्हा नव्याने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. यंत्र जो कप्पा आयता देतं तो आनंदाने घ्या. पण सेट हा शब्द लिहिताना क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, ही किंमत कोणी बदलावी, आणि काय म्हणून बदलावी? हे उत्तर कोणताही कंपायलर आपोआप देत नाही. ते दिलं नाही, तर एखाद्या सकाळी कुणीतरी मुलगा आपल्या दारात येऊन विचारतो, "सर, माझा एक गुण कुठे गेला?"