कॅटलॉगमधली आगगाडी आणि जत्रेतली आगगाडी, नेमका फरक काय?

अमेरिकेत लहानपणाच्या आठवणी निघाल्या, की ख्रिसमसच्या आधी घरी येणाऱ्या जाडजूड कॅटलॉगचा विषय येतोच. ‘सिअर्स’ या दुकानाने 1933 मध्ये खास ख्रिसमसचा कॅटलॉग काढला. त्यात लायनेल कंपनीची विजेवर धावणारी आगगाडी होती. पुढे या कॅटलॉगचं नावच ‘विश बुक’ पडलं.

आपल्या नगर जिल्ह्यात असलं काही पोस्टाने येत नव्हतं. इथल्या पोरांना आगगाडी दिसायची ती मढीच्या किंवा मोहटादेवीच्या यात्रेत, खेळण्यांच्या पालावर. प्लास्टिकचे गोल रूळ आणि इंजिनात सेल. मलाही एक मिळाली होती. सेल उतरेपर्यंत गोल गोल फिरायची, बास.

खरा फरक इथंच आहे. जत्रेतल्या गाडीची वीज इंजिनात असते. कॅटलॉगमधल्या मॉडेल रेल्वेत ती रुळांतून येते. आज सगळीकडे दिसणाऱ्या साध्या सेटमध्ये दोन रुळांना साधारण 12 व्होल्ट डीसी देतात. व्होल्टेज कमी केलं की गाडी हळू होते, प्लस-मायनस उलटं केलं की मागे जाते. म्हणजे पोराच्या हातात नुसती गाडी नाही, तर अख्खी रेल्वे असते.

आणि ती रेल्वे कधीच पूर्ण होत नाही. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने 1891 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांचे, जोडून वाढवता येणारे रूळ मांडले. मग सांधे, सिग्नल, बोगदा, स्टेशन सगळं सुटं विकता येऊ लागलं. कॅटलॉग म्हणजे आपल्याकडे अजून काय नाही, याची रंगीत यादीच! धंदा म्हणून डोकं जबरदस्त, बापाच्या खिशाचं मात्र अवघड.

नगरच्या पोरांनी हा खेळ फुकटात पाहिला, तोही खऱ्या मापाचा. मनमाडकडून पुण्याला जाणारी गाडी दौंडला थांबायची, इंजिन पुढून सुटायचं, बाजूच्या रुळावरून फिरून मागे लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने निघायची. आता कॉर्ड लाईन झाल्यामुळे बऱ्याच गाड्यांना ही कसरत करावी लागत नाही.

खेळातली अख्खी रेल्वे बघायची तर पुणे गाठा. भाऊ जोशी यांनी छंद म्हणून जमवलेल्या, बनवलेल्या छोट्या गाड्यांचं प्रदर्शन 1982 मध्ये गोखले हॉलमध्ये भरवलं होतं. 1 एप्रिल 1998 ला कोथरूडला त्यांचं कायमचं संग्रहालय सुरू झालं. सिग्नल, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब, अख्खं शहर एकाच टेबलावर. कॅटलॉगमध्ये वर्षानुवर्षं एकेक करून मागायच्या गोष्टी इथं एका तिकिटात दिसतात. बटणं मात्र शो चालवणाऱ्याच्याच हातात.